घरटी एक दिवा

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पवनचक्की उभारायचा ठराव ज्या सभेत मंजूर झाला, त्या सभेत विरोधात हात वर करणारा मी एकटाच होतो, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. १९८५ सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. मुलुंडला पश्चिमेच्या बाजूला, जिथे रस्ता संपून डोंगराचा चढ सुरू होतो, तिथे आमची सोळा बिऱ्हाडांची चार मजली सोसायटी होती, नाव 'नवप्रभा'. त्या वर्षी आमच्या भागातली वीज वरचेवर जायची, पाण्याचा पंप बंद पडायचा, जिना अंधारात बुडायचा, आणि मग सोळाही घरांतली माणसं दारात मेणबत्त्या घेऊन उभी राहून वीज खात्याला शिव्या घालायची. मी त्याच खात्यात, मीटर तपासणीच्या प्रयोगशाळेत, वीस वर्षं काम करत होतो. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या माझ्या दारासमोर या शिव्या जरा मोठ्यानं घातल्या जायच्या. फ्यूज आणि मेन स्विच यांतला फरकही ज्यांना सांगता आला नसता अशी ही माणसं. मी त्यांना उत्तर देत नसे.

पवनचक्कीची कल्पना दत्ताराम परबाची. तळमजल्यावर बहिणीच्या घरी राहायला आलेला हा माणूस परळच्या एका गिरणीत फिटर होता. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि तेव्हापासून तो आवारातल्या बाकावर बसून लोकांच्या शिलाई मशिनी, मिक्सर आणि मुलांच्या सायकली दुरुस्त करत असायचा. बुटका, रुंद हाडाचा, विचारलं तरच बोलणारा. सभेत त्यानं पेन्सिलीनं काढलेलं एक चित्र सगळ्यांपुढून फिरवलं: तीन लाकडी पाती, मागे पत्र्याचं शेपूट, ट्रकचा जुना डायनॅमो, आणि पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग. तिथून जिन्याला उजेड आणि घरटी एक दिवा. चक्की कुणा एकाची नाही, सगळ्यांची. सोळा घरांचे सोळा सारखे वाटे.

आमचा सेक्रेटरी अनंत वैशंपायन बँकेत अधिकारी होता आणि स्वतःच्या आवाजावर त्याचं फार प्रेम होतं. त्यानं उभं राहून 'स्वावलंबन' हा शब्द पाच मिनिटांत चार वेळा उच्चारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं की, वर्षातले निम्मे दिवस इथे झाडाचं पानही हलत नाही, तेव्हा हे खेळणं फिरणार कशावर? त्या सगळ्यांनी मान वळवून दत्तारामाकडे पाहिलं, एखाद्या डॉक्टरकडे पाहावं तसं.

"फिरतलां, सायबानू," तो शांतपणे म्हणाला. "वारो खंयतरी आसताच."

एका गिरणी कामगाराच्या या वाक्यावर पंधरा शिकलेल्या कुटुंबांनी हात वर केले. मी माझा वाटा नाकारला, आणि माझ्या घरात तो दिवा येणार नाही असं सोसायटीच्या वहीत लिहून खाली सही केली.

माझी बायको सुहासिनी सभेत माझ्या शेजारीच बसली होती. तिनं हात वर केला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला आठ वर्षांपासून दमा होता. डोंगराजवळची हवा मानवेल म्हणून आम्ही गिरगावातली जागा सोडून इथे आलो होतो. पण खालच्या मोठ्या रस्त्यावर कारखाने होतेच, आणि तिला फारसा फरक पडला नाही. लग्नाआधी ती रेडिओवर गायलेली बाई. आता पेटी खोळीत घालून कपाटावर ठेवलेली होती, आणि चौथ्या मजल्यावर यायला तिला तीन ठिकाणी थांबावं लागायचं. अशा वेळी शेजारची उत्तरा धावत येऊन तिच्या हातातली पिशवी घ्यायची. मला ते आवडत नसे. दुसऱ्याच्या आजारात लोकांना भारी रस असतो.

फेब्रुवारीत चक्की उभी राहिली. तिची पूजा झाली, नारळ फुटला, ट्रकच्या डायनॅमोला झेंडूचा हार घातला गेला. दत्तारामानं सगळ्यांना एकदाच दाखवलं, की शेपटाला बांधलेली दोरी ओढून खुंटीला अडकवली की चक्र बाजूला वळतं आणि थांबतं, आणि सोडली की पुन्हा चालू. मग त्यानं हात पुसले आणि दोरी सोडली. पाती फिरू लागली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत वैशंपायन सर्वांत पुढे होता. मी गच्चीच्या दारातूनच परत फिरलो.

मार्चमध्ये एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक छोटा दिवा लागलेला.

"हा कुणी लावला?"

"परबांनी. दुपारी येऊन गेले."

"मी नको म्हणून लिहून दिलंय."

"तुम्ही दिलंय," सुहासिनी म्हणाली. "घर दोघांच्या नावावर आहे ना? माझी सही मी केली."

अठरा वर्षांच्या संसारात मला न विचारता तिनं केलेली ही पहिली गोष्ट. मी म्हणालो की अडाण्यांच्या रांगेत तूही शेवटी जाऊन बसलीस. ती त्या उजेडात गवार मोडत राहिली. मी मात्र दिव्याकडे पाहत होतो. वाऱ्यावर चालणारा दिवा वाऱ्याबरोबर कमीजास्त होतो. बॅटरी असली तरी नजर तयार असलेल्या माणसाला ते कळतं, आणि माझी नजर त्याच कामात गेली होती. हा दिवा तसूभरही हलत नव्हता. पिवळा, मऊ, आणि इतका स्थिर की तो लागलेला नसून तिथे रंगवलेला असावा असं वाटत होतं. मी माझा चहा बाहेरच्या खोलीत घेतला.

पंधरा दिवसांत तिचा दमा गेला.

कमी झाला असं मी म्हणत नाही, गेला. छातीतली शिट्टी बंद झाली, उशाशी ठेवलेल्या गोळ्या तशाच राहिल्या. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती चारही मजले न थांबता चढून आली आणि दारात उभी राहून हसली. आमच्या डॉक्टरांनी हवापालट वगैरे काहीतरी सांगितलं. मी आधी घेतलेल्या गोळ्यांनाच श्रेय दिलं. तिनं मात्र कपाटावरून पेटी काढली, खोळ धुतली, आणि आठ वर्षांनी गायला बसली. त्या पहिल्या दिवशी दारापाशी उभा राहून मी ते ऐकलं, आणि मला गलबलून आलं हे मी कबूल करतो. तिला ते मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं.

एप्रिल लागला. डोंगरावरून येणारी जी काय झुळूक असायची तीही बंद झाली. दुपारच्या वेळी आवारातल्या अशोकाच्या झाडांची पानं रंगवलेल्या पडद्यावरच्या पानांसारखी लोंबत असायची, आणि गच्चीवरचं ते चक्र फिरत असायचं. जोरात नाही, पण थांबतही नाही असं. आता या मूर्खपणाचा एकदा निकाल लावू, अशा विचारानं एका रविवारी दुपारी मी प्रयोगशाळेतून आणलेला व्होल्टमीटर घेऊन वर गेलो. वाळत घालायच्या तारेला रुमाल बांधला. रुमाल सरळ खाली लोंबला. उदबत्ती पेटवली, तिचा धूर दोऱ्यासारखा उभा वर चढला, आणि वर, त्या धुराच्या शेंड्याहून पुरुषभर उंचीवर, पाती सावकाश फिरत राहिली. डायनॅमोच्या तारांना लावलेल्या मीटरचा काटा बारावर होता. एका दमात चढतो, किंचित ओसरतो, पुन्हा चढतो, असं त्याचं चाललं होतं. मी पाऊण तास पाहत राहिलो. ते चढणं-ओसरणं एकदाही चुकलं नाही.

दत्ताराम टाकीच्या सावलीत बसून तेलाचा डबा पुसत होता. मी आलो हे त्यानं पाहिलं होतं, पण तो उठला नव्हता.

"हे फिरतंय कसं?" मी विचारलं. "वर तर वारा नाही."

"वरसून नाय येणा, सायबानू," तो म्हणाला.

"मग?"

"खालसून येता."

त्यानं डब्याचं झाकण लावलं. मी हसलो. फिटर लोकांना भौतिकशास्त्र शिकवत बसायची माझी इच्छा नव्हती.

पण त्यानंतर इमारतीत काहीतरी उणं झालं आहे असं मला वाटू लागलं, आणि ते काय हे कळायला मला आठवडा लागला. आवाज उणे झाले होते. उत्तराचे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते रोज सकाळी साडेपाचला खोकायला सुरुवात करत आणि सात वाजेपर्यंत खोकत; आमच्या मजल्याला गजर लावावा लागत नसे. तो खोकला बंद झाला होता. वैशंपायनासारखा लठ्ठ माणूस जिना चढताना ढेकरा, उसासे आणि 'अरे देवा' यांची माळ ओवत यायचा. आता तो अचानक पुढ्यात उभा राहायचा. कुणी शिंकत नव्हतं. कुणी जांभई देत नव्हतं. मी अण्णांना विचारलं, खोकला बरा झाला वाटतं? ते म्हणाले, "झाला बुवा. आता कशाचाच त्रास नाही." आणि ते माझ्याकडे पाहून असे हसले, की जणू त्रास आहे तो मलाच.

उत्तराच्या मुलीचा, क्षमाचा, सातवा वाढदिवस एप्रिलच्या शेवटी होता. असल्या समारंभांना मी जात नाही, पण सुहासिनीनं फार आग्रह केला. खोली भरलेली होती, सगळे आमच्याच इमारतीतले. टेबलावर केक, त्यावर सात मेणबत्त्या. पोरगी खुर्चीवर चढली, तिनं गाल फुगवले आणि ओठांचा चंबू करून जोरात फुंकर मारली.

ज्योती हलल्या नाहीत.

तिनं पुन्हा गाल फुगवले, पुन्हा फुंकर मारली. सातही ज्योती सरळ उभ्या होत्या. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, 'हॅपी बर्थडे' म्हटलं, आणि उत्तरानं पुढे होऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एकेक ज्योत चिमटीत धरून विझवली, वर्षानुवर्षं हे असंच करतात अशा सहजपणे. सहा विझल्या. इतका वेळ मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. हा काय पोरखेळ चाललाय, या विचारानं मी नाकातून हसलो, आणि टेबल माझ्यापासून दोन हातांवर असताना ती सातवी ज्योत आडवी झाली आणि विझली.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मुलांनीसुद्धा. कुणी रागावलेलं नव्हतं. जेवणाच्या पंगतीत कुणी मोठ्यानं ढेकर दिली की लोक ज्या नजरेनं पाहतात आणि मग सभ्यपणानं दुसरीकडे बघतात, तसे ते बघत होते. सुहासिनीनं मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी ती गायला बसली तेव्हा मी समोर खुर्ची ओढून बसलो आणि हातातलं घड्याळ काढलं. तिनं वरचा षड्ज लावला. एक मिनिट झालं. दीड झालं. स्वर कुठे कापला नाही, पातळ झाला नाही, तिच्या कपाळावर एक शीर उठली नाही. तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. तीन मिनिटं वीस सेकंद झाली, तेव्हा दाराची घंटा वाजली आणि ती स्वर तसाच सोडून, मध्ये कुठेही न थांबता, "दूधवाला असेल, बघता का?" म्हणाली. त्या दोन्हींच्या मध्ये काहीच नव्हतं. स्वर संपला आणि शब्द सुरू झाला.

मी दूध घेतलं.

पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती पलंगावर आडवी झाली आणि तिला झोप लागली. मी शेजारी बसलो. खिडकीतून आलेलं ऊन तिच्या पदरावर पडलं होतं. पदराच्या काठावर एक सुटलेला धागा होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो हलला नाही. मी दाढीचा आरसा आणला आणि तिच्या नाकाशी धरला. आरसा स्वच्छ राहिला. तिच्या मनगटाला हात लावला, मनगट ऊबदार होतं, नाडी चालू होती, संथ, बरोबर त्या गच्चीवरच्या काट्यासारखी.

"काय बघताय?" डोळे न उघडता ती म्हणाली. आरसा तिच्या ओठांपासून बोटभर अंतरावर होता आणि तो तेव्हाही स्वच्छच होता.

मी उठलो आणि अनवाणीच गच्चीवर गेलो. मला आठवतं, जिन्यात मला धाप लागली होती, आणि त्या रिकाम्या जिन्यात माझीच धाप मला फार मोठी वाटत होती. वर ऊन रणरणत होतं. चक्र फिरत होतं. मी दोन्ही हातांनी दोरी ओढली, शेपूट करकरत वळलं, पाती आडवी झाली, मंदावली आणि थांबली. मी दोरी खुंटीला अडकवली.

खाली आवारात मुलं क्रिकेट खेळत होती. तो गलका एका शब्दाच्या मध्येच तुटला. कुठल्या तरी घरातला रेडिओ चालू होता, त्यावरचा निवेदक बोलतच राहिला. कुणाच्या तरी मोरीतलं पाणी वाहत राहिलं. चेंडू घरंगळत जाऊन फाटकाला लागला. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. मुलं जिथल्या तिथे उभी होती. एकाची बॅट वर उचललेली. क्षमा धावताना थांबली होती, एक पाय पुढे टाकलेला, तोल न जाता. खालच्या खिडकीत उत्तरा चादर झटकायला उभी होती आणि चादर तिच्या हातांतून सरळ खाली लोंबत होती. त्या सगळ्यांची तोंडं किंचित उघडी होती. आणि ती सगळी वर, माझ्याकडे पाहत होती.

मला वाटलं, एवढ्यात कुणीतरी हसेल. मग मला खाली पलंगावर झोपलेली सुहासिनी आठवली.

"सोडा ती दोरी," मागून आवाज आला.

दत्ताराम गच्चीच्या दारात उभा होता. तो चालत आला होता. त्यालाही धाप लागली होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. एका माणसाची छाती वरखाली होताना पाहून मला इतका आधार वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तू... तूसुद्धा वाटा घेतला नाहीस?"

"माका नको," तो म्हणाला. "बहिणीक दिलंय. दोरी सोडूक कोणतरी होयो ना?" त्यानं मला बाजूला केलं आणि खुंटीवरून दोरी काढली. "पोरां आसत खाली, सायबानू. असां करू नये."

पाती हलली, वळली, फिरू लागली. खाली तुटलेला शब्द जिथे तुटला होता तिथून पुढे सुरू झाला. बॅट खाली आली. उत्तरानं चादर झटकली. कुणी वर पाहिलं नाही.

"तुला हे ठाऊक होतं?" मी विचारलं. "तू हे केलंस?"

"मी चाक केलंय," तो म्हणाला. "फिरवता कोण ता माका ठाऊक नाय. गिरणीतपण ठाऊक नसायचा."

मी घरी आलो तेव्हा सुहासिनी उठून केस विंचरत होती. "किती गाढ झोप लागली हो," ती म्हणाली. तिचा चेहरा पहाटेसारखा ताजा दिसत होता. मी तिला म्हणालो की आपण ही जागा सोडू, दादरला, ठाण्याला, कुठेही जाऊ. तिनं कंगवा खाली ठेवला. "आणि मी पुन्हा तशी होऊ?" तिनं विचारलं. मी तो दिवा काढून फेकायला स्वयंपाकघरात गेलो, हातही वर केला. पण मला आवारात थिजून उभी राहिलेली ती मुलं आठवली, आणि मी हात खाली घेतला.

जूनच्या आधीच दत्ताराम गावी निघून गेला. कणकवलीकडे कुठेतरी त्याचं घर होतं. जाताना तो आमच्या दारात आला, आत आला नाही. "आता वर बघूक तुमीच," एवढंच म्हणाला. मी त्याला जा म्हणालो नाही, थांब म्हणालो नाही. तो जिना उतरताना त्याच्या श्वासाचा आवाज मी तळमजल्यापर्यंत ऐकला, आणि मग फाटकाबाहेर तोही गेला.

पावसाळा सरला. लोक छान होते. कुणी आजारी पडत नव्हतं, भांडत नव्हतं. सभा दहा मिनिटांत आटपायच्या. ज्यांना मी आयुष्यभर क्षुद्र समजलो ती माणसं मला जिन्यात भेटली की बाजूला सरून वाट द्यायची, आणि मी पुढे गेल्यावर एकमेकांकडे बघायची. ऑक्टोबरमध्ये मला सोसायटीची नोटीस आली. टाइप केलेली, शिक्क्यासह. 'आपल्या सदनिकेतून अहोरात्र येणाऱ्या आवाजाबद्दल अन्य सभासदांच्या वारंवार तक्रारी येत असून आपण त्याचा योग्य तो बंदोबस्त करावा.'

आमच्याकडे ना कुत्रा, ना शिलाई मशीन. रेडिओ मी लावत नव्हतो. मी नोटीस घेऊन तिसऱ्या मजल्यावर वैशंपायनाकडे गेलो.

"कसला आवाज, अनंतराव?"

तो माझ्याकडे बघत राहिला. हा माणूस, ज्याला मी इतक्या वर्षांत एकदाही धड नमस्कार केला नव्हता, माझी कीव करत होता.

"तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?" त्यानं विचारलं. "ओगले, आम्ही खूप दिवस सहन केलं. माझी बायको कानात कापूस घालून बसते हो. तुम्ही शिकलेले आहात. निदान वहिनींचा तरी विचार करा."

आणि त्यानं अगदी हळू, जराही आवाज न करता, दार लावून घेतलं.

मी जिन्यात उभा राहिलो. सगळी इमारत ऐकत होती. मी आमच्या मजल्यावर आलो तर बैठकीच्या खोलीत सुहासिनीची गादी गुंडाळून ठेवलेली दिसली. महिनाभर ती स्वयंपाकघरात दार लावून निजत होती, उकाड्याचं कारण सांगून. ती पेटीसमोर बसली होती, पण गात नव्हती. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले होते. मला पाहून तिनं ते घाईनं खाली घेतले.

मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसलो. ती थोडी सरकली. मग ती अवघडून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "राग मानू नका. पण जरा हळू घ्या ना."

"काय?"

"श्वास."

तिच्या आवाजात कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याखाली जे होतं ते मी चांगलंच ओळखत होतो. मी स्वतः आयुष्यभर लोकांकडे त्याच स्वरात बोललो होतो. फक्त माझ्याशी कुणी त्या स्वरात बोलेल असं मला वाटलं नव्हतं. आणि ती बोलेल असं तर नाहीच.

मी तोंड मिटलं. छाती भरली, आणि तशीच धरून ठेवली.

खोलीत शांतता पसरली. हळूहळू तिचे खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली. ती सरकून जवळ आली आणि कितीतरी महिन्यांनी तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"आता किती बरं वाटतंय," ती म्हणाली. "तुम्हालाही बरं वाटतंय ना?"

मी नुसती मान हलवली. बोलायचं तर श्वास सोडावा लागला असता.